लाल शाईचे रामटेके बाबू

नर्स म्हणून पांढुर्ण्याला बदली होऊन आले त्या पहिल्याच दिवशी दवाखान्यात डॉक्टरांच्या टेबलावर नागपूरचा इंग्रजी पेपर पडलेला दिसला. तारीख त्याच दिवसाची, पण आत सगळीकडे लाल शाई. कुठे सुटलेलं अक्षर ओळीच्या वर टांगलेलं, कुठे स्वल्पविराम पेरलेले, आणि एका वाक्याखाली रेघ मारून समासात बारीक अक्षरांत प्रश्न विचारलेला, 'कर्ता कुठे आहे?' मुलांचे पेपर तपासलेले मी पाहिले होते, छापून आलेला पेपर तपासलेला कधी पाहिला नव्हता. आयाबाईंना विचारलं तर त्या हात पुसत म्हणाल्या, "रामटेके बाबूचं काम हाय ते. गलत्या काढल्याबिगर ते पेपर कोणाले देतच नाही."

ही ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट. गावात इंग्रजी पेपरचे सात अंक येत. सकाळी दहाच्या गाडीनं नागपूरहून गठ्ठा उतरे आणि आमच्या हाती तो दुपारी दोनला पडे. मधले चार तास बाबू आपल्या घराच्या ओसरीवर मांडी घालून बसत आणि तीच चूक सात ठिकाणी दुरुस्त करत. बँकेचा अंक, कॉलेजचा अंक, वकिलांचा अंक, कोणालाही सूट नव्हती. सावरगावच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याला तर इंग्रजीचा गंध नव्हता, तो बैठकीत वजन पडावं म्हणून पेपर घेई. त्याच्याही अंकात बाबू एकेक अक्षर दुरुस्त करून देत.

दौलत रामटेके हे रेल्वेतून निवृत्त झालेले पार्सल बाबू. बाप रुळावर गँगमन, आई दुसऱ्याच्या वावरात रोजानं जाणारी. घरात पहिली पाटी आणली ती यांनी. इंग्रजी शिकले ते पार्सलच्या खोलीत, फुटलेल्या गठ्ठ्यांतून बाहेर डोकावणारे पेपर वाचून. निवृत्त झाल्यावर त्यांनी त्याच पेपरची एजन्सी घेतली आणि वर्षभरात वार्ताहरही झाले. फोटो लावलेलं वार्ताहराचं कार्ड प्लास्टिकमध्ये घालून ते सदऱ्याच्या खिशात ठेवत, आणि बोलता बोलता त्यावरून हात फिरवत. सायकल होती, पण ती हातानं ढकलत नेत. "चालवली तं वाचता येत नाही," हे त्यांचं कारण. भर रस्त्यानं पेपर वाचत, सायकल ढकलत, छत्री हँडलला लटकावून चाललेला तो उंच काळासावळा म्हातारा सगळ्या गावाच्या ओळखीचा होता. ट्रकवालेसुद्धा हॉर्न न वाजवता बाजूनं जात.

माझं त्यांच्याशी पहिलं बोलणं भांडणाचंच झालं. मी म्हटलं, "बाबू, आमी पेपर इकत घेतो, तुमची वही नाही घेत." त्यांनी चष्मा खाली ओढून माझ्याकडे पाहिलं. "सिस्टरबाई, छापलं म्हणून सही होत नाही. छापणारा बी माणूसच हाय. त्यालेबी झोप येते, त्याचंबी घरी भांडण होते. वाचणाऱ्यानं तपासलं पाह्यजे." मग हळूच विचारलं, "तुमी वाचता काय इंग्रजी?" मी खरं ते सांगितलं, औषधांची नावं येतात, त्यापुढे गाडी अडते. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांचा अंक आधी माझ्या खिडकीत यायला लागला. डॉक्टर तसाही तो उघडत नव्हते.

असं माझं शिक्षण सुरू झालं. फी नाही, वेळ नाही, पण परीक्षा रोज. बाबू खिडकीत पेपर ठेवत आणि कालच्या अंकातला एक प्रश्न टाकत. "वाचलं काय, सिस्टरबाई? चौथ्या पानावर काय होतं?" उत्तर आलं नाही तर रागावत नसत, फक्त "अच्छा" म्हणून निघून जात, आणि ते "अच्छा" दिवसभर टोचत राही. बँकेचे मॅनेजर तर असा प्रश्न चुकवायला दोनच्या सुमाराला मागच्या दारानं चहाला सटकत, असं सगळं गाव हसून सांगे.

मजाही पुष्कळ होती. एकदा लग्नाच्या जाहिरातीत 'फेअर', म्हणजे गोरी, मुलगी हवी म्हणून कोणी छापायला दिलं होतं. छापणाऱ्यानं दोन अक्षरं चुकवली आणि झालं 'फिअर'. बाबूंनी सातही अंकांत अक्षरं बदलली आणि समासात लिहिलं, 'अशा घरी आलेली मुलगी भीतच राहील, दुरुस्तीची गरज नसावी.' त्या दिवशी डॉक्टरांनीसुद्धा पेपर उघडला.

पण त्यांचा खरा राग एकाच गोष्टीवर होता, पॅसिव्ह व्हॉइसवर. 'असे आढळून आले', 'कारवाई करण्यात आली', 'खेद व्यक्त करण्यात आला', असं काही दिसलं की लाल पेन कागद फाडेल इतक्या जोरात चाले. गाव मराठी बोलणारं, पण राज्याचा कारभार हिंदीत; त्या सरकारी पत्रांतलं 'पाया गया'सुद्धा त्यांना सहन होत नसे. "कोणाले आढळलं? त्याले नाव नाही काय? खेद व्यक्त झाला म्हणते, मंग डोळ्यात पाणी कोणाच्या आलं?" असं म्हणून ते माझ्यासमोर वाक्य उलटं करून दाखवत. मला इंग्रजीचं व्याकरण आलं ते या रागातून. आजही एखाद्या कागदावर 'नोंद घेण्यात आली आहे' वाचलं की माझी मान आपोआप हलते.

वार्ताहर म्हणूनही माणूस तसाच कडक. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत दोन्ही काठांवरून एकमेकांना दगड मारायची गोटमार होई आणि आमच्या दवाखान्यात डोकी फुटलेल्यांची रांग लागे. नागपूरचे लोक दरवर्षी बातमीला दंगल म्हणत आणि बाबू दरवर्षी ते खोडून 'गोटमार' लिहीत. "दंगल नाही हे. दंगलीत दुश्मन असते. इथं सकाळी गोटा मारते अन् संध्याकाळी त्याच्याच घरी जेवते." जखमींचा आकडा मात्र ते कोणाकडून ऐकून लिहीत नसत. मी पट्ट्या बांधत असे आणि ते बाकांच्या मधून एकेका माणसासमोर उभे राहून नाव, गाव, जखम विचारत फिरत. एकदा एकच माणूस दोनदा मोजला गेला तर परत येऊन एक आकडा कमी करून गेले. म्हणून पुढे जे झालं ते मला इतकं लागलं. असा माणूस माझ्या बाबतीत चुकावा!

त्या दिवशी डॉक्टर शिबिरासाठी लोधीखेड्याला गेले होते. दुपारी सुखलाल नावाचा एक माणूस डोंगराकडच्या पाड्यातून सहा वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन आला. विंचू चावलेला. पोरगी घामानं भिजलेली, छातीत घरघर. मला जे येत होतं आणि जे करायची मुभा होती ते सगळं मी केलं. पण तिला नागपूरला न्यायलाच हवं होतं. नाक्यावर संत्री भरून निघालेला ट्रक मी स्वतः आडवी होऊन थांबवला, ड्रायव्हरशेजारी बाप-लेकीला बसवलं आणि तिची सगळी हकीकत चिठ्ठीवर लिहून दिली. चिठ्ठीवर सहीची जागा मी कोरी ठेवली. ती सही डॉक्टरांचीच चालते, नर्सची चालत नाही. सुखलालला मी तसं सांगितलंही.

पोरगी वाचली. तिसऱ्या दिवशी तिला घेऊन सुखलाल दहाच्या गाडीनं पांढुर्ण्याला उतरला, तेव्हा पेपरचा गठ्ठा घ्यायला आलेले बाबू फलाटावर उभे होते. त्यांनी विचारपूस केली. काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं. मला आधी दिसली ती पेपरातली बातमी. 'कर्तव्यावरील नर्सचा निष्काळजीपणा, पित्याची तक्रार.' खाली पाच ओळी. नाव नव्हतं, पण दवाखान्यात त्या दिवशी नर्स मी एकटीच होते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. आणि त्या बातमीतसुद्धा बाबूंनी लाल शाईनं एक दुरुस्ती केली होती. 'निग्लिजन्स' शब्दात एक अक्षर सुटलं होतं, ते नीट वर टांगलं होतं.

त्या दिवशी त्यांनी पेपर खिडकीत ठेवला आणि प्रश्न न विचारता गेले. पुढचे आठ दिवस तसंच. मीही मान वर केली नाही. मग जिल्ह्याहून हिंदीत कागद आला, 'लापरवाही पाई गई है', चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नये. माझी नोकरी पक्की व्हायला चार महिने उरले होते. वडील नव्हते. सौंसरला आई आणि शिकणारी धाकटी बहीण माझ्या भरवशावर. आईला काय सांगायचं, या विचारानं मला असा राग चढला की मी तो कागद आणि तो पेपर घेऊन भर दुपारी सरळ बाबूंच्या घरी गेले.

ते ओसरीवर सात अंक मांडून बसले होते. मी कागद त्यांच्यापुढे टाकला. "घ्या, तपासा. याच्यातबी कर्ता नाही."

त्यांनी कागद वाचला. पेनाचं टोपण लावलं. "मी माझ्या मनचं नाही लिहिलं, सिस्टरबाई. बापाचा शब्द होता."

"अन् मले कायले नाही विचारलं? गोटमारीत एकेक डोकं विचारत फिरता तुमी!"

"तुमी ओळखीच्या," ते खाली पाहत म्हणाले. "पेपर तुमच्या खिडकीत ठेवतो मी रोज. ओळखीच्या माणसाले विचारलं तं बातमी नरम पडते. म्हणून मुद्दाम नाही आलो."

"काय म्हणे तो? जसंच्या तसं सांगा. एक अक्षर इकडचं तिकडं नको."

बाबूंची स्मरणशक्ती पक्की होती. त्यांनी डोळे मिटले आणि सुखलालच्याच आवाजात म्हणाले, "नागपुरात बहुत फिरावं लागलं. इथल्या बाईनं सही नाही केला."

मी ऐकलं आणि मला हसू फुटलं, रडूही तिथंच आलं. "सही, बाबू! कागदावरची सही! चिठ्ठीवर डॉक्टरची सही नव्हती, म्हणून फिरावं लागलं त्याले!"

आमच्याकडे 'सही' हा शब्द दोन्ही घरचा. हिंदीतला सही म्हणजे बरोबर, मराठीतली सही म्हणजे दस्तखत, आणि आम्ही दिवसभर दोन्ही वापरतो. सुखलालची घरची बोली गोंडी, त्याच्या मराठीत केला, केली, केलं असा भेद फारसा नव्हता. तो 'केला' म्हणाला. दुसरा कोणी असता तर त्यानं गोंधळून 'म्हणजे काय?' असं विचारलं असतं. पण बाबूंना चूक ऐकवत नसे, त्यांनी ती मनातल्या मनात लगेच दुरुस्त केली.

"त्यानं केला म्हटलं," ते हळू बोलले. "मी 'केलं' करून घेतलं. बाईनं सही नाही केलं, मतलब बरोबर नाही वागली. 'केली' करायचं होतं." मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या आपल्या बायकोकडे पाहून म्हणाले, "चौथं शील मोडलं न माह्या हातून. रोज विहारात म्हणून राहिलो, खोटं बोलणार नाही म्हणून." काकूंनी मला आत बोलावलं, पाणी दिलं आणि हळूच म्हणाल्या, "आता हे जेवणार नाहीत, पाहा." ते खरंच जेवले नाहीत, असं काकूंनी नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या गावात प्रथमच लाल शाईशिवाय पेपर वाटला गेला, तोही काकूंच्या हातून. बाबू पहिल्या बसनं आणि पुढे पायी सुखलालच्या पाड्यावर गेले होते. सुखलालनं ती चिठ्ठी देव्हाऱ्याजवळ जपून ठेवली होती. त्यानं कोऱ्या जागेवर बोट ठेवून सांगितलं, "हे इथं. इथं सही नाही केला. पण बाईनं लई केलं जी. ट्रकासमोर उभी झाली." त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबू नागपूरला पेपरच्या ऑफिसात गेले. तिथं काय झालं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. काकूंकडून कळलं. संपादक दोन ओळींची दुरुस्ती छापू म्हणाले, पण ज्यानं विचारपूस न करता बातमी दिली असं स्वतःच लिहून देतो, त्याला वार्ताहर ठेवता येणार नाही. ठरवा. बाबूंनी खिशातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि परतीची गाडी पकडली.

चौकशी रेस्ट हाउसवर झाली. जिल्ह्याहून आलेले साहेब हिंदी बोलणारे, स्वभावानं वाईट नव्हते, पण फाइलमध्ये त्या बातमीचं कात्रण सोडून दुसरं काही नव्हतं आणि त्यांचा सगळा भरवसा त्यावर. मी बोलले, डॉक्टर बोलले, ट्रकवाल्याचं नाव सांगून झालं. साहेब कात्रणावर बोट आपटत म्हणाले, "अखबार में छपा है, तो कुछ तो हुआ होगा." तेव्हा मागच्या बाकावरून बाबू उठले. कुणी बोलावलं नव्हतं.

"साहब, छपने से सही नहीं होता. ये मैंने लिखा है और ये गलत है." मग त्यांनी सुखलालचं वाक्य सांगितलं, त्याची चिठ्ठी ठेवली, कोरी जागा दाखवली.

साहेबांनी चिठ्ठी उचलली. "मतलब, दस्तखत?"

"जी साहब. दस्तखत."

साहेबांना हसू आवरेना. माझी सगळी नोकरी ज्या शब्दाला टांगली होती तो त्यांच्यासाठी एक गंमतच होती, आणि मी त्यांना तेवढी माफ केली. त्यांनी लिहून द्यायला सांगितलं. बाबूंनी तिथंच उभ्यानं इंग्रजीत तीन वाक्यं लिहिली आणि मला वाचायला दिली. मी चुकीचं ऐकलं. मी तिला विचारलं नाही. तिनं तिचं काम केलं. तिन्ही वाक्यांत कर्ता पहिला. मी पुढच्या सोमवारी कामावर रुजू झाले आणि चार महिन्यांनी पक्की झाले.

बाबू त्यानंतर पाच-सहा वर्षं होते. एजन्सी त्यांच्याकडेच राहिली, लाल शाईही. बातम्या मात्र दुसरा कोणी लिहू लागला. त्याच्या बातम्या तपासताना बाबू अधिक हळू वाचत, असं मला वाटे. एका थंडीत ते चार दिवसांच्या तापानं गेले. मी तेव्हा सौंसरला परत आले होते. पुण्यानुमोदनाचं छापील पत्र आलं, त्यात गावाच्या नावातच एक उकार चुकलेला. मी ते पर्समध्ये घालण्याआधी लाल पेन शोधलं आणि उकार दुरुस्त केला. मग पत्र मांडीवर ठेवून पोटभर रडले. मला इंग्रजी शिकवणारा आणि माझी नोकरी घालवून परत आणणारा तो माणूस माझ्या सख्ख्या कोणाहून कमी नव्हता.

ती दुरुस्ती छापून आली तो दिवस मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. मी कामावर रुजू होऊन आठवडा झाला होता. दुपारी दोनला सायकलची चाकं वाजली आणि बाबूंनी पेपर खिडकीत ठेवला. सदऱ्याच्या खिशात कार्ड नव्हतं, पण हात सवयीनं तिथंच गेला. मी पाचवं पान उघडलं. सिनेमाच्या जाहिरातींच्या खाली दोन ओळी होत्या. अमुक तारखेच्या बातमीत नर्सविषयी आलेला मजकूर चुकीचा होता, आणि पुढे, 'द एरर इज रिग्रेटेड.' चुकीबद्दल खेद आहे. कोणाला आहे, ते नव्हतं.

त्या पूर्णविरामावर लाल शाईची फुली होती आणि पुढे दोन शब्द जोडले होते, 'बाय मी'. खाली पूर्ण नाव, दौलत रामटेके, पांढुर्णा. मी नंतर बँकेत, स्टेशनवर, सावरगावच्या त्या व्यापाऱ्याकडेसुद्धा काहीतरी निमित्त काढून जाऊन आले. सातही अंकांवर तेच होतं, त्याच जागी.

बाबू अजून खिडकीशी उभे होते. कितीतरी दिवसांनी त्यांनी विचारलं, "वाचलं काय, सिस्टरबाई?"

"वाचलं."

"काही गलती?"

मी त्यांच्या नावावर बोट ठेवलं. "नाही बाबू. आता सही हाय."